बिनवेसणीचा बैल

तिकिटावरच्या बैलाच्या नाकात दोर नव्हता. भिंगाखाली धरल्यावर त्याचे नाक म्हणजे विटकरी शाईचे थोडेसे ठिपके दिसत, आणि त्या ठिपक्यांतून काहीही आरपार गेलेले नव्हते. पाठीवर एक बाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली होती. तिचा एक हात बैलाच्या शिंगावर होता, दुसरा अंगावरचे वस्त्र सावरत होता. खाली पाणी होते. टपालाच्या शिक्क्याची काळी कड पाण्यावरून गेली होती, बाईला लागली नव्हती.

मी परभणीला बियाणे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते. भिंग ज्वारीच्या दाण्यांसाठी होते. तिकीट बाबांचे होते. त्यांनी ते मला नीट पाहून यायला सांगितले होते, म्हणून मी ते डब्यात घालून सेलूहून रेल्वेने नेले आणि संध्याकाळी परत आणले.

"काय दिसलं?" बाबांनी विचारले.

"बाई आहे. बैल आहे. खाली समुद्र असावा."

"समुद्रच. श्वापद समुद्रातूनच वर येतं," बाबा म्हणाले आणि तिकीट पवित्र शास्त्राच्या पानांत परत ठेवले.

दोराचे मी बोलले नाही. ते मला महत्त्वाचे वाटले नाही.

विलायतेतल्या एका प्रार्थना मंडळाचे मासिक बाबांना टपालाने येत असे. हे तिकीट त्याच्याच एका पाकिटावरचे. मासिक इंग्रजीत असे. मी वाचून मराठीत सांगायची आणि बाबा रविवारी तेच आमच्या प्रार्थनेच्या खोलीत सांगायचे. मासिकाचे म्हणणे असे होते की, युरोपातले देश एकत्र येत आहेत, त्यांची एक संसद झाली आहे, आणि त्यांनी आपली खूण म्हणून निवडलेली बैलावरची बाई ही त्यांच्या जुन्या पुराणातली बाई नव्हे. ती शास्त्राच्या शेवटी योहानाला दृष्टान्तात दिसलेली जारकर्मी स्त्री आहे, किरमिजी श्वापदावर बसलेली. त्या श्वापदाला दहा शिंगे. शास्त्रातल्या दानिएल संदेष्ट्याच्या स्वप्नातही दहाच. एक्याऐंशी सालच्या पहिल्या दिवशी ग्रीस त्या देशांच्या मंडळात गेला आणि देश दहा झाले, म्हणजे प्रभू परत यायची वेळ झाली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. उपास करून ते खिडकीशी बसून राहिले, स्टेशनवर कुणाला तरी घ्यायला जायचे असावे तसे.

त्या वर्षी आईने पहिल्यांदा पत्र्यांचा विषय काढला होता. बाबा म्हणाले, "आता कशाला? दिवस भरत आले." आईने पुन्हा विषय काढला नाही.

पत्रे आमच्या खोलीबाहेर भिंतीला लागून थप्पीने ठेवलेले होते. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावी घरे पेटली. दुधनेकाठच्या आमच्या गावातही पेटली. आधी बौद्धवाड्यातली, मग आमची. आम्ही नाव बदला म्हणायला गेलो नव्हतो आणि बदलू नका म्हणायलाही नव्हतो. गावात पुढे असे सांगितले गेले की, आमच्या मांगवाड्याला कुणी हात लावला नाही, वाऱ्याने आग तिकडे गेली. त्या रात्री वारा नव्हता. आम्ही दुधनेच्या पात्रात बसलो होतो आणि धूर सरळ वर जात होता.

पुढे सरकारकडून घर उभारायला पत्रे मिळाले. तोवर आम्ही सेलूत कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत खोली घेतली होती, म्हणून पत्रे इथेच उतरवून घेतले. ते पुन्हा गाडीत चढले नाहीत. आई उन्हाळ्यात त्यांच्यावर कुरडया वाळत घालायची. पावसाळ्याआधी रॉकेलचा बोळा फिरवायची. मी कॉलेजात शिकले, पदवी घेतली, नोकरीला लागले. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचे जुनेच नाव आहे. पत्रे तिथेच होते.

आईला गावाला जायचे होते. हे तिने कधी सांगितले नाही. ते तिच्या बोलण्यातून आपोआप यायचे. भाजी पाहून म्हणायची, आपल्या नदीची वांगी येगळी. कडुनिंब दिसला की त्याची आमच्या दारातल्या लिंबाशी तुलना करायची. आमचा लिंब एका अंगाने जळला होता, दुसऱ्या अंगाने फुटला असल्याचे तिला कुणीतरी सांगितले होते. खरे तर तिला त्या झाडाची सावलीही नको होती. तिला त्या झाडापासून पलीकडच्या बाभळीपर्यंतची मोकळी जागा हवी होती. दोर वळायची जागा.

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या दोराचे काम. अंबाडी भिजवायची, तिचा वाख सोलून काढायचा, वाळवायचा आणि त्याचे दोर वळायचे. बैलाच्या नाकातली वेसण, गाडी हाकायचा कासरा, गोठ्यातली दावी. पोळ्याच्या आधी गावातल्या प्रत्येक गोठ्यात आमच्या हातची नवी वेसण जायची. बाबा उपदेशक झाले तरी पोळ्याआधीचा महिनाभर शास्त्र फळीवर ठेवून आईबरोबर दोर वळायचे. वेसण एकट्याने बसून करता येते. कासऱ्याला दोन माणसे लागतात. एकाने टोकाची फिरकी फिरवायची आणि दुसऱ्याने वाख सोडत मागे मागे जायचे. दोघांची तोंडे एकमेकांकडे असतात आणि अंतर वाढत जाते. लहानपणी मला वाटायचे की आईबाबा रोज एकमेकांपासून लांब जाण्याचा काहीतरी खेळ खेळतात. संध्याकाळी ते हसत परत यायचे.

सेलूत आल्यापासून त्यांनी एकही दोर वळला नव्हता. आई एका डाळ मिलमध्ये निवडायला जायची. संध्याकाळी आली की हात नुसते बसू देत नसे. चिंधीला पीळ घालत राहायची, सोडायची, पुन्हा घालायची.

त्र्याऐंशीच्या सुमारास मी एकदा बाबांना विचारले होते की, प्रभू येईपर्यंत का होईना, गावाला घर का बांधायचे नाही. त्यांनी हातातले मासिक मिटले. मग शास्त्राची भाषा सोडून म्हणाले, "तिथली मानसं तीच हायत, बाई." त्यानंतर त्यांनी पुन्हा दहा शिंगांचे सांगायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत काही दाणे असे असतात की, भिजवलेल्या कागदावर सगळे दाणे फुटतात पण हे पाणीच आत घेत नाहीत. आम्ही त्यांना मेलेले म्हणत नाही. कठीण म्हणून वेगळे मोजतो आणि वाट पाहतो.

श्याऐंशी सालच्या पहिल्या सकाळी आम्ही नव्या वर्षाच्या प्रार्थनेला निघायच्या तयारीत होतो. रेडिओ चालू होता. बातम्यांत सांगितले की, स्पेन आणि पोर्तुगाल आजपासून युरोपच्या मंडळात गेले आणि सदस्य देश आता बारा झाले.

बाबा सदऱ्याची गुंडी लावत होते. ते थांबले.

"बारा म्हन्ला का त्यो?"

"बारा," मी म्हटले.

आई वेणी घालत होती. तिने वेणी पूर्ण केली, पदर घेतला, आणि जाताना पत्र्यांवरची धूळ हाताने झटकली. ती रोज झटकायची नाही. बाबांनी ते पाहिले.

त्या दिवशी प्रार्थनेत त्यांनी दानिएलाचा पुढचा भाग काढला. एक लहान शिंग निघते आणि त्याच्यापुढे तीन शिंगे मुळासकट उपटली जातात. बारा झाले म्हणून घाबरायचे कारण नाही. मंडळी माना हलवत होती. बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त शेवटची प्रार्थना त्यांनी दोनदा सुरू केली.

कस्तुराबाई आली ती त्याच महिन्यात. ती आमच्या गावची, चांगली जमीन असलेल्या घरची. कापूस घालायला तिच्या गाड्या सेलूला यायच्या आणि माणसे मापावर थांबली की ती आमच्याकडे यायची, पत्र्यांच्या थप्पीवर बसायची. गावात तिने आमच्या हातचा चहा घेतला नसता. सेलूत घ्यायची. आई एकदा म्हणाली होती, "इथलं पानी चालतं वाटतं पाटलीनबाई तुमाला." त्यावर ती म्हणाली, "इथं सासू बघत न्हाई." दोघी खूप हसल्या होत्या. मला तेव्हा हसू आले नव्हते.

या वेळी तिने गाडीतून अंबाडीच्या वाखाची एक पेंडी आणली होती.

"सरजे, दुकानातल्या नायलॉनच्या वेसणीनं माझ्या ढवळ्याचं नाक चिरलं," ती आईला म्हणाली. "किडे पडले व्हते. दिसायला लय गुळगुळीत, पर कापती. तू मला वाखाची करून दे. जोडीला कासरा बी."

"वेसण देते. कासरा कुठं वळू? या खोलीत वळायचा म्हन्लं तर भिंतीतून पलीकडं जावं लागंल."

"गल्ली हाय की."

"दुसरं टोक कोन धरंल?"

बाबा आतच होते. त्यांच्याकडे कुणी पाहिले नाही.

कस्तुराबाईने थप्पीच्या कडेवर नख घासले. "लिंबाजी, पत्र्याला जंग चढायलाय."

बाप्तिस्म्यापासून बाबांचे नाव याकोब. गावात ते कुणी तोंडात घेतले नाही.

"चढू द्या," बाबा बाहेर येत म्हणाले. "सगळंच जळनार हाय. पत्र्याचं काय घेऊन बसलाव?"

"जळंल तव्हा जळंल. तवर आमाला कापूस येचावाच लागतो."

समोर बसेल त्याला सांगायचे, हा बाबांचा नेम. त्यांनी शास्त्रातून तिकीट काढले आणि तिच्या पुढे धरले.

"ही कोन, वळखा."

"पार्वती," कस्तुराबाई म्हणाली. "नंदीवर बसली. पर डोक्यावर पदर कामून न्हाई?"

"पार्वती न्हाई. हे श्वापद हाय. दहा शिंगाचं."

"दोनच दिसायलीत मला."

"दहा देश म्हंजी दहा शिंगं. त्यायची येक मोठी कचेरी हाय, आपल्या दिल्लीसारखी. तिची ही खून. आन ही बाई त्या श्वापदावर राज्य करती."

"आता बारा झाले," आई चुलीपासून म्हणाली. "रेडिओत सांगितलं."

"मंग तर बिचाऱ्याचं डोकं लय जड झालं आसंल," कस्तुराबाई म्हणाली.

"तीन गळनार हायत," बाबा म्हणाले. "लिवलेलं हाय."

"बारातून तीन गेले तर नऊ ऱ्हातेत," आई म्हणाली. ती चिडवत नव्हती. डाळ निवडताना जसे बाजूला काढतात तसे तिने ते म्हटले.

बाबा तिकिटाच्या कडा चाचपत राहिले. मला ते बघवेना. म्हणून मी जे वाचले होते ते सांगितले. कॉलेजच्या ग्रंथालयात मी ती पुराणकथा शोधली होती. बैलावरच्या बाईचे नाव युरोपा. ती एका राजाची मुलगी. मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी फुले वेचत होती. त्यांचा मोठा देव पांढऱ्या बैलाचे रूप घेऊन तिथे आला. बैल इतका गरीब दिसत होता की ती त्याच्या पाठीवर बसली. बसल्याबरोबर तो पाण्यात शिरला आणि तिला घेऊन समुद्रापलीकडे गेला.

"हे परधर्माचं पुरान हाय," बाबा म्हणाले. पण त्यांनी मला थांबवले नाही.

आईने चुलीतले लाकूड मागे ओढले. "घरी कव्हा आली मंग ती?"

"आली नाही."

"आईबापानं शोधलं न्हाई?"

"भावांना पाठवलं. ती सापडली नाही. भाऊही परत गेले नाहीत. जिथपर्यंत पोचले तिथंच राहिले."

"अगं माय," कस्तुराबाई म्हणाली.

आईने हात पुसले आणि तिकीट मागितले. इतक्या दिवसांत तिने ते कधी हातात घेतले नव्हते. तिने ते उजेडाकडे धरले, लांब नेले, जवळ आणले.

"हिच्या हातात काय हाय?"

"शिंग धरलंय," मी म्हटले.

"कासरा न्हाई?"

"नाही."

"याला वेसण बी दिसना." ती बाबांकडे वळली. "अवं, बिनवेसणीच्या बैलावर बसलेलं मानूस कुठं जातं? बैल जाईल तिथं. ही कशाचं राज्य करायलीय? तिला तर धरायला बी शिंगच हाय. तुमी येवढं रोज बघायलाव हे, तुमाला दिसलं न्हाई? तुमी तर जलमभर वेसणी केल्या."

बाबांनी तिकीट घेतले. त्यांचा अंगठा त्या बैलाच्या तोंडावर आला, मग बाजूला झाला. ते इतका वेळ पाहत राहिले की कस्तुराबाईने चहाचा कप खाली ठेवला.

"हाकीत न्हाई ही," ते म्हणाले. "हिला न्यायलाय."

मग ते आत जाऊन बसले.

कस्तुराबाई उठली, पण निघाली नाही. पत्र्यांवर हात ठेवून ती दाराच्या दिशेने बोलली. "लिंबाजी, सरजा सांगती, तुमी म्हनता तिथली मानसं तीच हायत. हायतच. मी बी तीच हाय. त्या राती मी आतून कडी लावली व्हती. पुन्हा तसं झालं तर न्हाई लावनार, हे सांगायला मला तोंड न्हाई. पर तुमच्या जागेत मी कुनाला गोवरी थापू दिली न्हाई. भिंती हायत तशाच हायत." थोडे थांबून ती म्हणाली, "लिंब लय वाढला."

आईने तिला वाटेपर्यंत सोडले. परत आल्यावर तिने वाखाची पेंडी सोडली, पाण्याचा हात मारला आणि वेसण वळायला बसली. अंधार पडायच्या आत वेसण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईच्या गड्याने ती नेली. वाख पुष्कळ उरला होता.

त्या आठवड्यात टपालाने नवे मासिक आले. बाबांनी ते मला वाचायला दिले नाही. पाकिटावर राणीचे साधे तिकीट होते. त्यांनी पाकीट फोडले नाही, फेकलेही नाही, फळीवर ठेवले. मी संध्याकाळी परभणीहून यायची तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत, एकदा पत्र्यांकडे, एकदा गल्लीच्या टोकाकडे बघत. एकदा मला म्हणाले, "सुवार्ता, त्या पोरीचा बाप मेला का जित्ता व्हता, ती गेल्यावर?"

"तेवढं लिहिलेलं नव्हतं."

"वाट बघत आसंल," ते म्हणाले.

रविवारी मला बरे वाटत नव्हते म्हणून मी प्रार्थनेला गेले नाही. आईही थांबली. बाबा एकटे गेले. ते गेल्यावर आईने ट्रंकेखालून लाकडी फिरकी काढली. ती मला जळाली असेल असे वाटत होते. एका बाजूने काळी पडली होती. आईने वाखाचे टोक तिला अडकवले आणि फिरकी माझ्या हातात दिली.

"नुसती येका लयीत फिरव. घाई करू नको."

ती मागे सरकू लागली. काखेत वाख, बोटांतून सुटणारा दोराचा पदर, पाय चाचपत मागे. मला ती लय येईना. मी कधी जास्त फिरवी, कधी कमी, आणि दोराला गाठीसारखे वळ पडत. आई परत यायची, वळ सोडवायची, पुन्हा मागे जायची. गल्लीतल्या बायका दारात आल्या. एका सायकलवाल्याने उतरून सायकल भिंतीकडून नेली. कापसाचे बारीक तंतू हवेत होते; हंगामात जिनिंग रविवारीही चालू असायचे आणि त्याचा घरघराट सगळ्या गल्लीत भरलेला असायचा.

बाबा नेहमीपेक्षा लवकर आले. ते कोपऱ्यावर दिसले तेव्हा आईची पाठ त्यांच्याकडे होती. ते तिच्या बाजूने आले, तिने वर पाहिले नाही, तेही थांबले नाहीत. माझ्यापर्यंत येऊन त्यांनी शास्त्र पत्र्यांवर ठेवले, उपरणे काढून त्यावर ठेवले आणि माझ्या हातून फिरकी घेतली.

दोर लगेच सरळ झाला. आईला तो हाताला कळला असणार, कारण तिने मान वर केली. मग ती मागे जाऊ लागली, आता न थांबता. आमच्या शेजारच्या खोल्या गेल्या, किराणा दुकान गेले, हापसा गेला. ती लहान होत गेली आणि दोर तिच्यापासून बाबांपर्यंत ताठ, जमिनीला न टेकता, थरथरत राहिला. बाबांचे हात फिरत होते. ते तिच्याकडेच पाहत होते.

ते काहीतरी बोलले. मी शेजारी होते, तरी मला फक्त ओठ हललेले दिसले.

"काय म्हन्ला?" आई तिकडून ओरडली.

बाबा पुन्हा बोलले. जिनिंगचा आवाज मध्ये होता. आईने मान हलवली. दोर सोडून ती पुढे येऊ शकत नव्हती, आणि बाबा फिरकी सोडू शकत नव्हते.

"ऐकू येईना. मोठ्यानं सांगा."

बाबा ताठ उभे राहिले. फिरकी त्यांनी थांबवली नाही. प्रार्थनेच्या खोलीत ज्या आवाजात ते शेवटच्या दिवसांबद्दल सांगायचे, तो आवाज त्यांनी लावला. दारात उभ्या असलेल्या बायकांनीही तो ऐकला.

"पत्रे गावाला न्यायचे म्हन्लं, सरजा. घर बांधायचं."